बैल बंडीला ओढतो, बंडी बैलाला ओढते, मग बंडी चालते कशी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून गल्लीत फिरवतात. तो झाल्यावर एका संध्याकाळी माझ्याकडे अकरावीचं फिजिक्स शिकायला येणारी एक मुलगी धाकट्या भावाचा नंदी पिशवीत घालून घेऊन आली. नंदीच्या मागे तिने खोक्याची छोटी बंडी बांधली होती. ते सगळं टेबलावर मांडून ती म्हणाली, "मॅडम, न्यूटनचा तिसरा नियम म्हणते का बैल बंडीले जेवढ्या जोरानं वढते, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाले मांगं वढते. मंग दोन्ही जोर कटले ना. तं बंडी चालते कशी?"

वर्ग गप्प झाला. तिन्ही नियम सगळ्यांना पाठ होते, गणितंही सुटत होती, पण या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हतं. त्या दिवशी शिकवायचा धडा मी बाजूला ठेवला आणि गतीच्या सगळ्या मूळ कल्पनांची उजळणी या एका प्रश्नाला धरून केली. तीच इथे लिहिते आहे. अकरावीच्या मुलांसाठी तर आहेच, पण शाळेत शिकलेलं विसरून गेलेल्या त्यांच्या आईबाबांसाठीही आहे.

इतक्या वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. मुलं या विषयात गणितामुळे फार कमी वेळा अडतात. अडतात ती दोन कारणांनी. "चालतंय म्हणजे कोणीतरी ढकलत असणारच" ही समजूत मनात घट्ट बसलेली असते, हे एक. आणि बल म्हटलं की ते कोणी लावलं, कोणावर लावलं, हे विचारायची सवय नसते, हे दुसरं. ही दोन कुलपं उघडली की सूत्रं आपोआप जागेवर बसतात.

वेग वेगळा, वेगातला बदल वेगळा

अंतर आणि विस्थापन यांवर फार वेळ घालवायला नको. धरमपेठेतून बर्डीला जाऊन घरी परत आलात, तर स्कूटीच्या मीटरवर वाढलेले किलोमीटर हे अंतर. निघालात तिथेच परत आलात, म्हणून विस्थापन शून्य. चाल सांगते किती जोरात, वेग सांगतो किती जोरात आणि कुठल्या दिशेने.

थांबायचं ते त्वरणापाशी. खापरी स्टेशनवरून मेट्रो सुटली आणि समजा २० सेकंदांत तिने ताशी ७२ किलोमीटरचा वेग घेतला. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दर सेकंदाला तिचा वेग १ मीटर प्रति सेकंद एवढा वाढत गेला, हे तिचं त्वरण. आता ती त्याच ७२ च्या वेगाने सरळ रुळावर एकसारखी धावते आहे. या वेळी त्वरण किती? मुलं हमखास "७२" किंवा "२०" म्हणतात. उत्तर शून्य आहे. वेग भरपूर आहे, पण तो बदलत नाही. पुढचं स्टेशन आलं, ब्रेक लागले. गाडी पुढेच चालली आहे, त्वरण मात्र मागच्या दिशेने आहे. आणि गाडी वळणावर आली, काटा जराही हलला नाही, तरी दिशा बदलली म्हणून वेग बदलला, म्हणजे तिथेही त्वरण आहे.

हा परिच्छेद दोनदा वाचायला हरकत नाही. पुढचं सगळं यावर उभं आहे, कारण बलाचा संबंध वेगाशी नसतो, वेगातल्या बदलाशी असतो.

चालायला बल लागत नाही

हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि न पटणं स्वाभाविक आहे. सायकलचं पायडल थांबवलं की सायकल थांबते. बैल थांबले की बंडी थांबते. जन्मभराचा अनुभव सांगतो की ढकलणारा थांबला की वस्तू थांबते. ग्रीसमधला अ‍ॅरिस्टॉटल हेच म्हणत होता आणि जवळपास दोन हजार वर्षं जगाने ते मान्य केलं होतं.

चूक कुठे आहे ते पाहायला कॅरम बोर्ड घ्या. बोर्ड दमट असताना स्ट्रायकर मारा, अर्ध्यावर अडकतो. आता बोरिक पावडर टाका आणि तेवढ्याच जोराने मारा. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत येतो. बोटाचा जोर तोच आहे. पावडरने स्ट्रायकरला ढकललं नाही, तिने फक्त अडवणारं घर्षण कमी केलं. म्हणजे आधी स्ट्रायकर थांबला तो बोट सुटल्यामुळे नव्हे, तर बोर्डाने त्याला मागे खेचल्यामुळे. घर्षण आणखी कमी करत नेलं तर? तो आणखी लांब जाईल. घर्षण अजिबात नसेल तर? थांबायचं कारणच उरत नाही. गॅलिलिओने उतारावरून गोळ्या सोडून नेमका हाच विचार केला होता, आणि १६८७ मध्ये न्यूटनने तो पहिला नियम म्हणून मांडला: एकूण बल शून्य असेल, तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते.

या नियमात एक फार मोठी गोष्ट दडली आहे. थांबलेलं असणं आणि एकसारख्या वेगाने चालणं, निसर्गाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. एकसारख्या धावणाऱ्या मेट्रोत डोळे मिटून बसा. गाडी पुढे जाते आहे की मागे, हे सांगता येत नाही. हातातली किल्ली सोडा, ती पायाशीच पडते, मागच्या प्रवाशाच्या अंगावर जात नाही. कारण सुटताना किल्लीलाही गाडीचाच वेग होता आणि तो काढून घेणारं आडवं बल कोणी लावलेलं नाही.

आपण सगळेच अशा एका गाडीत बसलो आहोत. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा झिरो माइलचा खांब, त्याच्याजवळचे घोडे, तिथे उभा असलेला चहावाला आणि त्याच्या हातातला कप, सगळे मिळून तासाला सुमारे १५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतात. कपातला चहा सांडत नाही. नावेत बसलेल्याला काठावरची स्थिर झाडं मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. न्यूटनच्या जवळपास बारा शतकं आधी! मला ही उपमा नेहमीच मेट्रोच्या खिडकीशी बसलं की आठवते.

वर फेकलेलं संत्रं

ही समजूत किती खोल रुजलेली असते ते पाहायला मी मुलांना एक चित्र काढायला लावते. संत्रं सरळ वर फेकलं आहे, हातातून सुटून वर चाललं आहे. त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, बाण काढून दाखवा. (हवेचा अडथळा सोडून द्या.)

दहांपैकी आठ मुलं दोन बाण काढतात. खाली गुरुत्वाकर्षण, आणि वर "हाताचं बल". मग ती सांगतात की हाताचं बल हळूहळू संपत जातं, वरच्या टोकाला दोन्ही सारखी होतात आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकतं. ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. मी एवढंच विचारते: वरचं बल कोण लावतंय? हात. हात आत्ता संत्र्याला टेकला आहे का? नाही. मग बल कसलं?

हाताने संत्र्याला वेग दिला. बल देऊन ठेवता येत नाही. बल ही खिशात ठेवायची वस्तू नाही, ती दोन वस्तूंमधली देवघेव आहे, आणि हात सुटला की हाताची देवघेव संपली. सुटल्यानंतर संत्र्यावर एकच बाण आहे, पृथ्वीचा, खाली. वर जाताना तोच, वरच्या टोकाला तोच, खाली येताना तोच. त्यामुळे त्वरणही तिन्ही वेळेला सारखंच, नागपुरात सेकंदाला सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद, खालच्या दिशेने. गणितात आपण ९.८ घेऊ. ९.८ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकलेलं संत्रं दर सेकंदाला ९.८ ने मंदावतं, म्हणजे १ सेकंदात वर जाऊन क्षणभर थांबतं. किती उंच जाईल? सरासरी वेग ४.९, वेळ १ सेकंद, म्हणून ४.९ मीटर.

वरच्या टोकाला वेग शून्य असतो. त्वरण शून्य नसतं. तिथे त्वरणही शून्य झालं असतं, तर वेग पुन्हा बदललाच नसता आणि संत्रं तिथेच लटकून राहिलं असतं.

किती बल, किती बदल

दुसरा नियम आता एका ओळीत मावतो: एकूण बल = वस्तुमान × त्वरण. यातला "एकूण" हा शब्द मुलं गाळतात आणि मार्क तिथेच जातात. वस्तूवरची सगळी बलं दिशेसकट एकत्र केल्यावर जे उरतं, ते त्वरण घडवतं. १ किलोग्रॅमच्या वस्तूला सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद एवढं त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. साधारण शंभर ग्रॅमचं छोटं संत्रं तळहातावर ठेवलं की हाताला जे जाणवतं, ते जवळपास १ न्यूटन.

इथे वस्तुमान आणि वजन वेगळे करायला हवेत, कारण बाजारात आपण दोन्हीला वजनच म्हणतो. वस्तुमान म्हणजे वस्तू वेग बदलायला किती नाखूश आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी तिला किती बलाने ओढते ते. कॉटन मार्केटमधला जुना दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तर किलोभर वांगी किलोभरच भरतील, कारण वांगी आणि वजनाचं माप दोन्ही सारखीच हलकी होतील. स्प्रिंगचा काटा नेला तर तो सहाव्या हिश्श्याएवढंच दाखवेल. तराजू वस्तुमानाची तुलना करतो, स्प्रिंग बल मोजते.

जड वस्तू लवकर पडते असंही वाटत असतं. पृथ्वी जड वस्तूला जास्त ओढते हे खरंच आहे, पण जड वस्तू वेग बदलायला तेवढीच जास्त नाखूशही असते. दुप्पट ओढ, दुप्पट नाखुशी, हिशेब तोच. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडलं, आणि दोन्ही बरोबरच खाली पडली. तिथे पिसाला अडवायला हवा नव्हती.

आता बंडीकडे

कागद घ्या. आधी फक्त बंडीचं चित्र काढा. बैल काढायचे नाहीत, रस्ता काढायचा नाही. एकटी बंडी. मग तिला हात लावून कोण कोण आहे ते विचारा. जुवाच्या बाजूने बैल तिला पुढे ओढतात. रस्ता चाकांना मागे धरतो. (पृथ्वी खाली ओढते आणि जमीन तेवढंच वर उचलून धरते, ते उभ्या दिशेचं, त्याला तूर्त बाजूला ठेवू.) समजा बंडीचं वस्तुमान ४०० किलो आहे, बैल तिला ५०० न्यूटन बलाने पुढे ओढतात आणि रस्ता ३०० न्यूटन बलाने मागे धरतो. पुढच्या दिशेने उरले २०० न्यूटन. २०० भागिले ४००, म्हणजे बंडीचं त्वरण ०.५.

बंडीने बैलांना मागे ओढलं त्याचं काय? ते बल आहे, पक्कं ५०० न्यूटनच आहे. पण ते बंडीवर नाही, ते बैलांवर आहे! बंडीच्या चित्रात त्याला जागाच नाही. त्या मुलीने दोन वेगवेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांतून वजा केली होती. माझ्या खात्यातून तुमच्या खात्यात ५०० रुपये गेले, तर माझे ५०० कमी झाले आणि तुमचे ५०० वाढले. "बेरीज शून्य झाली, म्हणजे तुम्हाला काही मिळालंच नाही" असं कोणी म्हणत नाही.

आता दुसऱ्या कागदावर फक्त बैलजोडी. समजा दोघांचं मिळून ८०० किलो. बंडी त्यांना ५०० न्यूटनने मागे ओढते. मग ते पुढे जातात कसे? बैलांच्या खुरांकडे बघा. खूर जमिनीत रोवून बैल जमिनीला मागे रेटतात, आणि जमीन त्यांना तेवढ्याच बलाने पुढे रेटते. समजा हे बल ९०० न्यूटन आहे. ९०० पुढे, ५०० मागे, उरले ४००. ४०० भागिले ८००, पुन्हा ०.५. बंडीचं आणि बैलांचं त्वरण सारखं आलं, आणि यायलाच हवं, कारण ते एकमेकांना जोडलेले आहेत.

म्हणजे बंडीला पुढे नेणारं अंतिम बल जमीन लावते. हे ऐकल्यावर वर्गातल्या एका मुलाने लगेच सांगितलं, "म्हणून चिखलात बैल कितीबी जोर लावो, बंडी नाही निघत." अगदी बरोबर. चिखलात खूर सरकतो, जमीन मागे रेटून घेत नाही, म्हणून ती पुढेही रेटत नाही. बैलाच्या अंगात ताकद असते, पण ती ताकद घ्यायला समोर कोणी नसतं.

यातून घर्षणाबद्दलचा एक गैरसमजही सुटतो. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं, असं पाठ केलेलं असतं. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. चालताना आपला पाय मागे घसरायला बघतो, म्हणून जमिनीचं घर्षण आपल्याला पुढे ढकलतं. ओल्या टाइल्सवर हेच पुढे ढकलणारं बल कमी पडतं, म्हणून पावसाळ्यात अंगणात आपण बेताबेताने पाय टाकतो.

तिसऱ्या नियमातल्या "क्रिया" आणि "प्रतिक्रिया" या शब्दांबद्दल माझी तक्रार आहे. त्यावरून वाटतं की आधी क्रिया होते, मग तिचं उत्तर म्हणून प्रतिक्रिया येते. तसं काही नाही. दोन्ही एकाच क्षणी असतात, एकाच देवघेवीची दोन टोकं असतात आणि कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. टेबलावर ठेवलेल्या संत्र्याचं वजन आणि टेबलाने दिलेला आधार, ही जोडी अनेक मुलं तिसऱ्या नियमाची म्हणून लिहितात. दोन्ही बलं एकाच संत्र्यावर आहेत, त्यामुळे ती जोडी असूच शकत नाही. पृथ्वी संत्र्याला खाली ओढते, त्याची खरी जोडी म्हणजे संत्रं पृथ्वीला वर ओढतं. तेवढ्याच बलाने! पृथ्वी इतकी अवाढव्य आहे की तिच्या वेगात फरक पडतो तो मोजण्यापलीकडचा.

तणस आणि तडा

बल कितीचं होतं तेवढंच पाहून भागत नाही, ते किती वेळ लागलं तेही पाहावं लागतं. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि संवेग बदलायला जितका कमी वेळ मिळेल, तितकं बल मोठं. संत्र्याच्या पेट्यांत खाली तणस पसरतात ते यासाठीच. १५० ग्रॅमचं संत्रं सव्वा मीटरवरून पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला जवळपास ५ मीटर असतो. फरशीवर ते समजा सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबलं, तर सरासरी १५० न्यूटनचा मार बसतो. तणसावर दबत दबत दहापट वेळ घेऊन थांबलं, तर साधारण १५ न्यूटन. घालवायचा संवेग दोन्हीकडे तोच, पण एका संत्र्याला तडा जातो आणि दुसरं मुंबईपर्यंत धड पोचतं. हेल्मेटच्या आतला थर्माकोल हे तुमच्या डोक्याखालचं तणस आहे.

हमालाच्या डोक्यावरची पेटी

पुस्तकातली एक गोष्ट मुलांना अन्यायाची वाटते, आणि त्यांना तसं वाटावं याचा मला आनंद होतो. कळमन्याच्या बाजारात हमाल २० किलोची पेटी डोक्यावर घेऊन सपाट जमिनीवर शंभर मीटर चालतो. भौतिकशास्त्र म्हणतं, त्या चालीत त्याने पेटीवर केलेलं कार्य शून्य. "घामाघूम झाला तो, आन् काम शून्य?"

कार्य हा शब्द इथे मेहनतीसाठी नाही. बल ज्या दिशेने लागतं त्या दिशेने वस्तू किती सरकली, त्यांचा गुणाकार म्हणजे कार्य. हमाल पेटीला वर धरून आहे, पेटी आडवी चालली आहे. वरच्या बलाने पेटीची ऊर्जा वाढली नाही. हमालाची ऊर्जा मात्र खरंच खर्च होते. स्नायू ताणून धरायचे तर त्यातले तंतू सतत आखडत आणि सैल होत राहतात, आणि त्याची शरीरात उष्णता होते. ती मेहनत खरी आहे, फक्त ती पेटीत साठली नाही. पेटी जमिनीवरून दीड मीटर उचलून डोक्यावर घेतली, तेव्हा मात्र कार्य झालं: २० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे २९४ ज्यूल. ती ऊर्जा पेटीत स्थितिज रूपात, म्हणजे उंचीमुळे, साठली, आणि पेटी हातून सुटली तर तीच गतिज, म्हणजे वेगाची ऊर्जा, होऊन खाली आपटेल.

हा आकडा विजेच्या बिलाशेजारी ठेवून पाहा. विजेचं १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. मे महिन्यात २०० वॉटचा कूलर ५ तास चालला की १ युनिट पडतं. तेवढ्या ऊर्जेत २० किलोची पेटी दीड मीटर उचलायची म्हटली, तर ती १२ हजारांहून जास्त वेळा उचलता येईल. माणसाच्या अंगमेहनतीने मिळणारी ऊर्जा किती थोडी असते आणि एक बटण दाबल्यावर आपण किती खर्च करतो, हे मला तरी या गणिताने जितकं कळलं तितकं कशानेच कळलं नाही.

गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, आणि हा वर्ग रस्त्यावर जीव घेतो. मुलांना गाडीची चावी मिळण्याचं वय हेच, म्हणून मी इथे मुद्दाम थांबते. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. एवढा वेग अंगात यायला सुमारे ६ मीटर उंचीवरून पडावं लागतं, म्हणजे दोन मजले. ताशी ६० ला ती उंची १४ मीटर होते. वेग दीडपट, उंची सव्वादोनपट. वर्धा रोडवर ८० ने जाणारी गाडी तर २५ मीटरवरून पडणारी गाडी आहे.

थांबण्याचंही तसंच. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड चांगली धरली, तर ४० ला ब्रेक दाबल्यापासून सुमारे ९ मीटर लागतात आणि ८० ला ३६. त्यात ब्रेक दाबायला लागणारा वेळ मिळवा. समोर काही दिसून पाय किंवा हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ४० ला आणखी ११ मीटर आणि ८० ला २२. एकूण २० मीटर आणि ५८ मीटर. वेग दुप्पट झाला आणि अंतर जवळपास तिप्पट. यात चालवणाऱ्याचं कौशल्य कुठेच येत नाही.

दोरा, किल्ली आणि फुगा

आता एक प्रयोग. दोन वीत दोरा घ्या, त्याला किल्ली बांधा आणि मेट्रोत बसून हातात धरा. गाडी सुटताना किल्ली मागे झुकते. तिला मागे ढकललं कोणी? कोणीच नाही. फक्त किल्लीचं चित्र काढा: तिला हात लावून दोराच आहे, आणि पृथ्वी खाली ओढते आहे. गाडीबरोबर किल्लीलाही वेग घ्यायचा आहे, म्हणून तिला पुढे ओढणारं बल हवं, आणि ते देऊ शकतो फक्त दोरा. दोरा तिरका झाल्याशिवाय पुढे ओढू शकत नाही, म्हणून तो तिरका होतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूला झुकतो तेही याच कारणाने: किल्लीला आत वळवायला आतल्या दिशेने ओढ हवी. ऑटो वळताना आपण बाहेर फेकले जातो असं वाटतं, पण आपण सरळच जात असतो, ऑटो आपल्याखालून वळतो आणि त्याची कड आपल्याला आत ढकलते.

दोऱ्याची २० सेंटीमीटर लांबी मोजून घेतलीत आणि किल्ली २ सेंटीमीटर सरकलेली दिसली, तर त्वरण ९.८ चा दहावा हिस्सा, म्हणजे जवळपास १. सुरुवातीला खापरीच्या गाडीचं काढलं होतं तेच. गाडीने वेग धरला की दोरा सरळ उभा राहतो, स्टेशनात थांबलेल्या गाडीत असतो अगदी तसाच.

नंदी आणणाऱ्या मुलीने घरी जाऊन प्रयोगात आपली भर घातली. फुटाळ्यावर फिरायला गेल्यावर भावासाठी घेतलेला गॅसचा फुगा तिने कारमध्ये दोऱ्याने धरला, काचा बंद केल्या. गाडी निघाली आणि किल्ली झुकते त्याच्या उलट, फुगा पुढे झुकला. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात फक्त फुग्याचं चित्र काढलं आणि त्याला हात लावून कोण कोण आहे ते लिहिलं: दोरा आणि चारी बाजूंनी हवा, शिवाय खाली ओढणारी पृथ्वी. मग स्वतःच बोलली, "हवा पण मांगं राहाले पाहते, मॅडम. मांगं दाटते थोडी. मांगची हवा फुग्याले जास्त ढकलते, समोरची कमी." सिग्नलला ब्रेक लागल्यावर फुगा मागे गेला, हेही तिने पाहून ठेवलं होतं.